टोपली आणि कोठडी

ज्या गावाने वेढे सोसले आहेत, त्या गावात सहनशक्तीची स्तुती थोडी जपूनच केली जाते. परंड्याचा भुईकोट, त्याचा खंदक, त्याची दुहेरी तटबंदी आणि बुरुजांवर अद्याप ठाण मांडून बसलेल्या तोफा पाहून नवख्या मनुष्याची छाती भरून येते खरी. परंतु १६३० च्या सुमारास आझमखानाने घातलेला वेढा चाऱ्यादाण्याच्या दुर्भिक्षामुळे उठला, १६३४ साली शहाजादा शुजा आणि महाबतखान यांनाही हात हलवीत परत जावे लागले, आणि तोच अजिंक्य किल्ला पुढे १६६० साली विजापूरच्या किल्लेदाराने मोगलांच्या हवाली केला, हा सगळा जमाखर्च ज्याला ठाऊक आहे, तो परंडेकर केवळ ‘टिकून राहिला’ एवढ्यावरून कोणाचा पक्ष न्याय्य ठरवावयास धजत नाही.

पुढील संभाषण अशा दोन परंडेकरांचे आहे. त्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण विचाराच्या सोयीसाठी ती माणसे मीच उभी केली आहेत. एक आहेत निजामी अमदानीत तहसिलीत पेशकारी करून निवृत्त झालेले गृहस्थ. सीनेच्या काठी डोमगावास कल्याणस्वामींचा जो मठ आहे, जेथे स्वामींच्या हातची दासबोधाची पोथी जतन झाली, त्या मठाशी त्यांच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. त्यामुळे गुरूची आज्ञा आणि सरकारचा हुकूम या दोहोंविषयी त्यांच्या मनात सारखाच आदर. दुसरे आहेत शाळेत इतिहास शिकविणारे मास्तर, वयाने त्यांच्या मुलासारखे. काही दिवस ते नवा करार वाचीत आहेत. श्रद्धेसाठी नव्हे, तर एका अडचणीपायी. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक जो पौल, त्याच्या प्रवासांतील दोन प्रसंगांनी त्यांना अडविले आहे.

मास्तर : काका, हा पौल प्रथम ख्रिस्ती लोकांचा वैरी होता. यरुशलेमच्या मुख्य याजकाकडून परवाना घेऊन तो दिमिष्काला, म्हणजे आजच्या दमास्कसला, त्यांना धरावयास निघाला. वाटेत त्याचे मन पालटले आणि ज्यांना बेड्या घालावयाच्या त्यांच्यांतच तो जाऊन बसला. आता त्यालाच पकडण्यासाठी अरितास राजाच्या सुभेदाराने शहरावर पहारे बसविले, तेव्हा शिष्यांनी रात्री तटाच्या एका खिडकीतून त्याला टोपलीत घालून खाली सोडले आणि तो निसटला. पुढे काही वर्षांनी फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सिला याला छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळून पडल्या; आणि हा मनुष्य जागचा हलला नाही. ज्याने तटावरून टोपलीत बसून पळ काढला तोच उघड्या दारातून बाहेर पडत नाही, याचा अर्थ काय? पहिल्या वेळी तो भ्याला आणि मधल्या काळात धीट झाला, असे म्हणावे तर ते फारच सोपे होईल.

पेशकार : आणि खोटेही होईल. भ्याड मनुष्य मुळात ज्या गावी परवाना घेऊन आला त्या गावी उलट तोंडाने बोलावयास उभा राहत नाही. पण मास्तर, मला आधी हे सांगा, त्या बंदीखान्याचा दरोगा कोठे होता?

मास्तर : झोपला होता. भूकंपाने जागा झाला, दारे उघडी पाहिली, कैदी पळाले असे समजून त्याने तलवार उपसली आणि स्वतःच्या पोटात खुपसणार, तोच आतून पौलाने ओरडून सांगितले, की आम्ही सगळे येथेच आहोत, जिवाला अपाय करून घेऊ नकोस.

पेशकार : मग तुमच्या अडचणीचे उत्तर तुम्हीच सांगितलेत. आम्ही तहसिलीत आयुष्य काढले. हवालातीच्या दाराशी बसणारा जवान, त्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, रात्री दर पहाऱ्याला आसामी मोजून वहीत करावयाची नोंद, हे सगळे मी रोज पाहिले आहे. कैदी पळाला तर तहसीलदाराचे काय व्हायचे ते होवो; त्या जवानाची भाकरी त्याच दिवशी जाते. आमच्याकडे भाकरी जाई, रोमच्या राज्यात मान जात असावी. नाही तर त्या बिचाऱ्याने चौकशीची वाटही न पाहता तलवारीला हात का घातला असता? दिमिष्कच्या तटावरून उतरताना पौलाने पणाला लावला तो स्वतःचा जीव, फार तर दोर धरणाऱ्या चार मित्रांचा, आणि त्यांनी तो राजीखुशीने लावला होता. फिलिप्पैच्या दारातून तो बाहेर पडता तर ज्याला कोणी विचारलेच नव्हते अशा एका नोकरदाराने त्याच्या सुटकेची किंमत चुकती केली असती. प्रश्न धैर्याचा नाही, मास्तर. प्रश्न खर्च कोणाच्या नावे पडतो याचा आहे.

मास्तर : मांडणी सुरेख आहे, पण तिच्यात एक भोक आहे. त्याच ग्रंथात येशूचा शिष्य पेत्र याचीही गोष्ट आहे. हेरोद राजाने त्याला चार-चार शिपायांच्या चार पहाऱ्यांत ठेवले होते. देवदूताने त्याला रात्री बाहेर काढले, आणि सकाळी हेरोदाने त्या पहारेकऱ्यांना ठार मारण्याचा हुकूम दिला. पेत्राने मागे वळून पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही. तुमच्या न्यायाने त्या शिपायांचे रक्त पेत्राच्या नावे लिहावे लागेल.

पेशकार : हे मला ठाऊक नव्हते. जरा थांबा, विचार करू द्या. दुसऱ्यावर पडणारा प्रत्येक खर्च आपल्या खाती घालावयाचा म्हटले, तर जुलमी राजाला फारसे कष्ट पडणार नाहीत. त्याने चार निरपराध माणसे ओलीस धरावी, आणि सत्य बोलणाऱ्याने त्यांच्याकडे पाहून तोंड मिटावे. तेव्हा दोन बाबी वेगळ्या काढाव्या लागतील. हेरोदाने क्रोधाच्या भरात शिपाई मारले, तो हेरोदाचा गुन्हा. पण फिलिप्पैत तो दरोगा पौलाच्या डोळ्यांदेखत मरावयास निघाला होता आणि एका हाकेने वाचणार होता. जे संकट आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, ते टाळण्याची जबाबदारी आपली. जे दुसऱ्याच्या दुष्टपणातून उपजते आणि आपल्याला दिसतही नाही, त्याची जबाबदारी प्रथम त्या दुष्टाची. बरे, या लोकांना फिलिप्पैत पकडले तरी कशासाठी होते?

मास्तर : एक दासी अंगात येऊन भविष्य सांगे आणि तिच्या धन्यांना त्यातून चांगली प्राप्ती होई. पौलाने तिची ती पीडा घालविली. धन्यांचे उत्पन्न बुडाले, म्हणून त्यांनी फिर्याद केली.

पेशकार : पाहा, म्हणजे तिसरीही बाब निघाली. त्या धन्यांचेही नुकसानच झाले. पण दुसऱ्याच्या दुखण्यावर चालणारी ती मिळकत होती, आणि अशी मिळकत बुडाली म्हणून कोणी प्रचारकाकडे भरपाई मागू नये. दरोग्याची गोष्ट वेगळी. तो आपले नेमलेले काम करीत होता. पुढे काय झाले?

मास्तर : दरोग्याने त्यांना घरी नेले, जखमा धुतल्या, जेवू घातले. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी निरोप धाडला, की त्यांना सोडून द्या. तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमचे नागरिक; चौकशीशिवाय आम्हांला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालविता? स्वतः येऊन बाहेर काढा. अधिकारी घाबरले आणि आर्जवे करीत आले. मला यातले कोडे असे वाटे, की नागरिकत्वाची ही ढाल त्याने छड्या बसण्यापूर्वीच पुढे का केली नाही? यरुशलेमला तर त्याने फटके बसण्याच्या आधीच ती पुढे केली होती. आता तुमच्या वहीतून पाहिले म्हणजे वाटते, पौल त्या गावातून निघून जाणार होता, पण नव्या मताचे मूठभर लोक तेथेच राहणार होते. ज्या अधिकाऱ्यांच्या अंगावर बेकायदा मारहाणीचे प्रकरण लटकते आहे, ते त्या मूठभरांना उठल्यासुटल्या छळण्यापूर्वी दोनदा विचार करतील. असे असेल तर त्याने आपल्या पाठीवरच्या वळांतून दुसऱ्यांसाठी अभयपत्र मिळविले. हा माझा तर्क. ग्रंथात हेतू सांगितलेला नाही.

पेशकार : तर्क ठीक आहे. पण हे सगळे दोन हजार वर्षांपूर्वीचे, परमुलखातले. दूरच्या माणसाला न्याय देणे सोपे असते. आपल्याकडचा एखादा प्रचारक घ्या, ज्याची कागदपत्रे झाली आहेत.

मास्तर : मग गॉर्डन हॉल घ्या. पुढे अहमदनगर आणि सोलापूर या आपल्या दोन्ही अंगांना ज्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, त्या मिशनचा हा आरंभीचा पुरुष. जन्म १७८४, मॅसॅच्युसेट्समधला. १८१२ च्या फेब्रुवारीत तो आणि त्याचे सोबती अमेरिकेतून निघाले. कलकत्त्यास पोहोचले तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांच्यांत युद्ध पेटले होते, आणि कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. ‘चालते व्हा’ असा हुकूम झाला. हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले, तर त्यांच्या पाठोपाठ कलकत्त्याहून फर्मान आले, की यांना इंग्लंडला रवाना करा.

पेशकार : सरकारला दोष देण्यापूर्वी सरकारची बाजू मांडू द्या. १८०६ साली वेल्लोरच्या पलटणीत बंड झाले ते कशावरून? पगडी, दाढी आणि कपाळावरचे गंध यांविषयी गोऱ्या अंमलदारांनी केलेल्या नियमांवरून. आपला धर्म बुडविण्याचा डाव आहे, असे शिपायांना वाटले, आणि एका रात्रीत रक्ताचे पाट वाहिले. त्याला सात वर्षे होतात न होतात, तोच शत्रुराष्ट्रातले दोन तरुण धर्म शिकवावयास बंदरात उतरतात. त्या जागी मी असतो तर मीही त्या मिसलीवर ‘इजाजत नाही’ असाच शेरा मारला असता. प्रजेच्या शांततेसाठी एका माणसाच्या पायात घातलेली बेडी ही प्रत्येक वेळी जुलूमच असते असे नाही.

मास्तर : मान्य. पण मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा धार्मिक वृत्तीचा आणि त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगणारा होता. हुकूम हातात असूनही त्याने त्यांना लागलीच जहाजावर चढविले नाही, सवड दिली. त्या सवडीत हे दोघे एका किनारी गलबतातून गुपचूप कोचीनकडे निघून गेले. तेथून सिंहलद्वीपास जाण्याचा बेत होता. कोचीनला ते सापडले आणि त्यांना मुंबईस परत आणण्यात आले. तेव्हा हॉलने गव्हर्नरला लेखी कळविले, की ख्रिस्ताच्या सेवकांना अशा रीतीने अडविणे हे ख्रिस्ताच्या आज्ञेला सरळ विरोध करणे होय, आणि याचा जाब ईश्वराच्या न्यायासनापुढे द्यावा लागेल. १८१३ च्या डिसेंबरात, रवानगी अगदी तोंडावर आली असता, हुकूम मागे घेतला गेला. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना परवान्याने येण्याची वाट मोकळी केली होती.

पेशकार : तर मग कोचीनचे गलबत ही त्याची दिमिष्कची टोपली, असे तुम्ही म्हणणार.

मास्तर : म्हणावेसे वाटते.

पेशकार : मला वाटत नाही. दिमिष्कचा सुभेदार पौलाला धरावयास टपला होता. त्याने पौलावर भरवसा टाकला नव्हता. नेपियनने टाकला होता. वरिष्ठांचा हुकूम खिशात असताना जो अंमलदार अंमलबजावणी लांबणीवर टाकतो, तो मूकपणे त्या इसमांचा जामीन होतो, आणि जामीन झालेल्या माणसाला काळोखात सोडून जाणे हे मुचलका मोडण्यासारखेच आहे. कलकत्त्याने जाब विचारला असता तो हॉलला नव्हे, नेपियनला. फिलिप्पैच्या दरोग्याने पौलावर काही उपकार केले नव्हते, तरी पौलाने त्याला हाक दिली. मुंबईच्या गव्हर्नरने उपकार केले होते, त्याला या दोघांनी हाक दिली नाही. आणि परत आणल्यावर ज्याला पत्रात ईश्वराच्या न्यायासनाचा धाक दाखविला, तो कोण? तोच माणूस, ज्याने त्यांच्यासाठी आपली नोकरी थोडीबहुत धोक्यात घातली होती.

मास्तर : आपण फार कठोर बोलता. हॉल तीस वर्षांचाही नव्हता. घर, देश, सोबती, सगळे मागे टाकून तो आला होता. त्याच्याबरोबर निघालेल्या न्यूएलची पत्नी हॅरिएट, अवघी एकोणीस वर्षांची, तिला कलकत्त्याने थारा दिला नाही म्हणून मॉरिशसला जावे लागले. वाटेत तिचे मूल गेले आणि १८१२ च्या नोव्हेंबरात ती तेथेच वारली. ही वार्ता पोटात ठेवून जो मनुष्य मुंबईच्या बंदरात उभा आहे, त्याने परतीच्या जहाजावर निमूटपणे चढावे, अशी अपेक्षा कागदावर ठीक आहे.

पेशकार : हॅरिएट न्यूएलचे दुःख मी मानतो. पण त्या दुःखाने नेपियनचा विश्वासघात धुऊन निघत नाही. सोसणाऱ्या माणसाला एक मोह असतो. आपण इतके सोसले, तेव्हा आता थोडी सूट घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्याला वाटू लागते. गडावर वेढा सोसणाऱ्या शिबंदीलाही भोवतालची गावे लुटताना असेच वाटत असले पाहिजे.

मास्तर : मग त्याचा शेवट ऐका आणि मग बोला. हॉल मुंबईत तेरा वर्षे राहिला. मराठी शिकला, रस्त्यांवर आणि देवळांच्या आवारांत बोलत हिंडला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी झिजला. तो करार १८२६ साली छापून निघाला. इतक्या वर्षांत बाप्तिस्मा घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १८२५ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्याने बायकोला दोन मुलांसह अमेरिकेस धाडले. थोरला मुलगा समुद्रातच गेला. १८२६ च्या मार्चमध्ये तो घाटावर फिरतीस निघाला आणि नाशिकास पोहोचला, तो तेथे पटकीचे थैमान. लोक शेकड्यांनी मरत होते. जवळचे औषध तो वाटीत राहिला, आणि ते जवळजवळ संपले तेव्हा परत फिरला. वाटेत रात्री एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. बरोबर शाळेतले दोन मुलगे. पहाटे निघण्याची तयारी चालली असता त्याला स्वतःलाच पटकीचा झटका आला. औषधाचा जो अंश उरला होता तो पोटात ठरला नाही, आणि सुमारे आठ तासांत, २० मार्च १८२६ रोजी, तो त्याच ओसरीवर गेला. वय बेचाळिसाच्या आत. त्या दोन पोरांनी खटपट करून जागा मिळविली आणि पेटीशिवाय, नुसत्या घोंगडीत गुंडाळून त्याला पुरले.

पेशकार : या माणसापुढे मी हात जोडतो. पण तुम्ही माझ्याकडून त्याला मान्यता मागता की त्याच्या मताला? कारण या दोन गोष्टी प्रत्येक प्रचारकाचा चरित्रकार एकीत एक मिसळून देतो. लुस्त्र गावी पौलाला दगडमार झाला, मेला असे समजून लोकांनी त्याला वेशीबाहेर ओढून टाकले, आणि तो उठून पुन्हा त्याच गावात शिरला, असे तुम्हीच मागे सांगितले होते. त्यावरून पौल निष्कपट होता एवढे सिद्ध होते. तो म्हणतो ते खरे, हे सिद्ध होत नाही. सोसण्याने सत्य ठरत असते तर दोन वेढे परतविणारा आमचा किल्ला धर्मपीठ झाला असता. नाशिकातल्या पटकी झालेल्यांनी हॉलचे औषध घेतले, उपदेश घेतला नाही. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला. पुढे बार्शी लाईटची आगगाडी मिरजेला भिडल्यावर या परगण्यातले रोगी तिच्यात बसून तिकडे जात, आणि बरे होऊन घरच्या कुलदैवताला नारळ फोडीत. यात मला कृतघ्नपणा दिसत नाही. उलट, जो मोबदल्याची अट न घालता औषध देतो तोच खरा देणारा.

मास्तर : हॉलनेही अट घातली नव्हती. आपण ज्याला निकष म्हणता, त्यावर नाशिकचा हॉल पूर्ण उतरतो. त्याने पणाला लावला तो स्वतःचा जीव.

पेशकार : पूर्ण नाही. समुद्रापलीकडे ती विधवा, जिचा एक मुलगा आधीच पाण्यात गेलेला. ओसरीवर ती दोन पोरे, ज्यांच्या अंगावर परक्या गावात एका परधर्मीयाचे प्रेत येऊन पडले. परंतु थांबा, मीच माझे म्हणणे सुधारतो. बायको त्या व्रतात समजून सहभागी झाली होती. तिने दोर धरणाऱ्या मित्रांप्रमाणे आपला वाटा उचलला, असे मी मानतो. पोरांविषयी मात्र माझी खात्री नाही.

मास्तर : काका, पोरांचा प्रश्न निघाला म्हणून मनातली खरी अडचण बोलतो. प्रचारकाच्या हालअपेष्टांची आपण एवढी मोजदाद करतो, पण त्याचे ऐकून जो मनुष्य धर्म बदलतो त्याचे काय? प्रचारक मार खाऊन दुसऱ्या गावी जातो. धर्मांतरिताला त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच भाऊबंदांत राहावयाचे असते. आणि त्याच्याही पलीकडे त्याची माणसे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आपल्या अंतःकरणाची साक्ष मानली, त्यात वावगे काही नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कोणी विचारले होते? नवरा जिवंत असून ताटातूट, लहान मूल पदरी, नातलगांची बोलणी, आणि सोवळ्याओवळ्याच्या कुंपणात कोंडलेला जीव. हे सगळे त्यांनीच पुढे ‘स्मृतिचित्रे’त सांगून ठेवले आहे. टिळकांच्या मनाची मुक्तता झाली, आणि तिचा सारा शेतसारा त्या माउलीने भरला.

पेशकार : आता तुम्ही माझ्याही पुढे गेलात. मग निकाल लावा. टिळकांनी काय करावयास हवे होते? पत्नीची संमती मिळेपर्यंत आपली श्रद्धा तहकूब ठेवावयाची?

मास्तर : तसे म्हणवत नाही. घरच्यांची संमती हीच अट घातली तर बुद्धाला कपिलवस्तूच्या बाहेर पाऊल टाकता आले नसते, आणि आपले समर्थ बोहल्यावरून उठले नसते. नवी गोष्ट बोलणारा प्रत्येक मनुष्य कोणाच्या तरी घराची घडी विस्कटतो. आपला निकष ताणला तर जगात जुनेच तेवढे उरेल. आणि सैल सोडला तर ज्याला स्वतःच्या सत्याचा ध्यास लागला त्याला दुसऱ्याचे आयुष्य खर्ची घालण्याचा परवाना मिळेल. या दोहोंमध्ये उभे राहावयास जागा आहे की नाही, हेच मला कळत नाही.

पेशकार : आहे, पण अरुंद आहे. टिळकांच्या बाबतीत मी असे पाहतो. त्यांनी आपला निर्णय घेतला, पण पत्नीचा निर्णय तिच्या वतीने घेतला नाही. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या तरी आपल्या धर्मात राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. दुसऱ्यावर पडलेला भार टिळकांना पूर्णपणे टाळता आला नाही. पण त्या भाराबरोबर तिचे स्वातंत्र्यही त्यांनी उचलून नेले नाही. माझा नियम मी असा दुरुस्त करतो : ज्याच्यावर भार पडणार त्याला तो आधी दिसला पाहिजे, त्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि तो नाही म्हणाला तर वाट पाहण्याचा खर्च निरोप आणणाऱ्याने सोसावयाचा. पटकीत औषध वाटण्यापेक्षा हे वाट पाहणे पुष्कळांना जड जाते.

मास्तर : पण ज्याची अशी दृढ श्रद्धा आहे, की आपला निरोप न ऐकणाऱ्याचे अनंत काळ अकल्याण होणार, तो कसा वाट पाहील? हॉलने आणि न्यूएलने तर जगातल्या साठ कोटी लोकांचे ओझे आपल्या शिरावर आहे, असे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले होते. ज्याच्या पारड्यात अनंत आहे, त्याच्यापुढे एका गव्हर्नरच्या अब्रूचे वजन ते किती?

पेशकार : म्हणूनच तर त्याला वहीची गरज सर्वांहून अधिक. अनंताशी तुलना केली की कोणतीही रक्कम शून्य होते, हे तुम्हीच मुलांना शिकविता ना? तेव्हा ज्याचा उद्देश अनंत, त्याला दुसऱ्याचे सगळे दुःख शून्य दिसण्याचा धोका आहे. आणि हा रोग मिशनऱ्यांचाच आहे असे समजू नका. राज्याची शांतता, राष्ट्राचे हित, संप्रदायाची परंपरा, हीही आमच्या दफ्तरातली अनंतेच आहेत. त्यांच्या नावावर आम्हीही पुष्कळ लहान माणसांच्या अर्जांवर ‘नामंजूर’ लिहिले. कंपनी सरकारने हॉलला हाकलताना हेच केले, हे आता मला कबूल करावे लागते. वेल्लोरची भीती खरी होती. पण ती भीती या दोन माणसांच्या कोणत्या कृत्याला लागू होते, हे कोणी तपासले नाही.

मास्तर : पौलाने हे तपासले असे वाटते. त्याचा शेवटचा प्रवास पाहा. कैसरियात फेलिक्स सुभेदाराने लाचेच्या आशेने त्याला दोन वर्षे कोठडीत कुजत ठेवले.

पेशकार : हा फेलिक्स माझ्या परिचयाचा वाटतो. पुढे?

मास्तर : फेलिक्सच्या जागी आलेल्या फेस्तापुढे त्याने कैसराकडे दाद मागितली, आणि त्यामुळे बेड्यांसह रोमला निघाला. चौदा रात्री तुफानात जहाज भरकटले. किनारा जवळ आल्याचे कळताच खलाशांनी नांगर टाकण्याचा बहाणा करून होडी पाण्यात सोडली आणि निसटून जाण्याचा घाट घातला. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे. पौलाने शताधिपतीला सांगितले, की हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही कोणीच वाचणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले. म्हणजे, काका, जो स्वतः एकदा दोराने उतरून पळाला, तोच दुसऱ्यांचे दोर कापवितो. आणि दोन्ही वेळा तो बरोबर आहे, कारण खलाशी पळाले तर बाकीचे बुडणार होते. पुढे जहाज फुटल्यावर शिपायांनी कैद्यांना मारून टाकण्याचा विचार केला, कोणी पोहून पळू नये म्हणून. तोच तुमचा हवालातीचा जवान, तीच भाकरीची धास्ती! शताधिपतीने त्यांना आवरले, कारण पौल वाचावा असे त्याला वाटत होते. सगळे मिलिता बेटाच्या किनाऱ्यास लागले, आणि पौल तेथूनही पळाला नाही.

पेशकार : हा पुरावा मात्र माझ्या युक्तिवादापेक्षा भारी आहे. कारण यात पौलाने काय सोसले हे गौण आहे. इतरांचा जीव त्याने मोजणीत धरला, हे मुख्य आहे. ज्या चरित्रात केवळ छड्यांची आणि दगडांची संख्या असते, ते वाचून माणूस थक्क होतो आणि पुस्तक मिटतो. ज्यात दरोगा, खलाशी आणि शताधिपती यांचीही नोंद असते, ते वाचून आपल्या घरातल्या माणसांकडे नव्याने पाहावेसे वाटते.

मास्तर : मग हॉलविषयी आपला अखेरचा शेरा काय? मी तर म्हणेन, कोचीनची चूक त्याने तेरा वर्षांच्या सेवेने आणि नाशिकच्या मरणाने फेडली.

पेशकार : फेडली असे मी लिहिणार नाही. ज्याचे देणे होते त्या नेपियनला त्यातली कवडी मिळाली नाही. ज्यांना मिळाले ते पटकीचे रोगी, आणि त्यांचे हॉलवर काही देणे नव्हते. एकाचे ऋण दुसऱ्याला दान देऊन फिटत नाही, हे सावकारही जाणतो आणि संतही. मी एकाच मिसलीवर दोन्ही शेरे लिहीन. नाशिकच्या औषधाने कोचीनची नोंद खोडावयाची नाही, आणि कोचीनच्या नोंदीपायी नाशिकच्या औषधाचा एक थेंबही कमी धरावयाचा नाही. तुम्ही इतिहास शिकविता, मास्तर. मुलांना दोन्ही शेरे वाचून दाखवा, बेरीज करून देऊ नका. ती ज्याची त्याने करावयाची असते, आणि ती करण्याचा हक्क आपण मुलांपासून काढून घेतला, तर आपणही त्यांच्यावर परस्पर खर्च टाकणाऱ्या निरोप्यांतच जमा होऊ.